बावखळाचं शेततळं

आमच्या ह्यांना दारूचं व्यसन नाही, तंबाखूचं नाही, पत्त्यांचंही नाही. त्यांना योजनांचं व्यसन आहे. कंपनीला टाळं लागलं आणि हे कायमचे घरी आले, तेव्हा बरेच दिवस नुसते गप्प होते. वाडीत राबायची सवय सुटलेली आणि गावात तोंड दाखवायची लाज. मग कोणीतरी त्यांना सांगितलं की सरकार शेतकऱ्याला फवारणीचा पंप निम्म्या किमतीत देतं. हे उठले, माणिकपूरला शेतकी कचेरीत गेले, झेरॉक्स काढल्या, मशीनवर अंगठा टेकवला आणि काही आठवड्यांनी तो पंप रिक्षात मांडीवर घेऊन आले. पंपाची आम्हाला काडीची गरज नव्हती. पण त्यांचा चेहरा बघून मी काही बोलले नाही.

तिथून सुरुवात झाली. ताडपत्री आली. नारळाची रोपं आली, ती आमच्याच नारळापेक्षा लेचीपेची निघाली. ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी आली. आमची वाडी वसईजवळच्या गिरीज गावातली, केळी, नारळ, अळू यांची. पाटानं पाणी फिरतं आणि मी खोऱ्यानं दारं मोडते नि बांधते. त्यात ठिबक कुठे घालायचं? तरी साहेब फोटो काढायला येणार म्हणून नळ्या अंथरल्या, फोटो झाला, नळ्या माळ्यावर गेल्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. मोबाईलवर बँकेचा मेसेज आला की हे मला मोठ्यानं वाचून दाखवायचे. मी म्हणायचे, "सरकारनं तुम्हाला जावई करून घेतलंय का?" हे हसायचे. ते हसू मला हवं होतं, खोटं कशाला सांगू.

आमच्या कुंपणापलीकडे माझी थोरली जाऊ राहते. मी तिला वहिनी म्हणते. थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा मुलगा नोकरीपायी दूर गेला आणि ही एकटी आपल्या वाटणीत मोगरा नि पानवेल करते. पहाटे कळ्या खुडायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या, फुलवाल्याकडे द्यायच्या. पानवेलीचं पाणी एक वेळही चुकवत नाही. तिच्या वाटणीत विहीर आहे, आमच्या वाटणीत बावखळ. वाटणी तोंडी झालेली. सातबारा अजून दोन्ही घरांचा एकत्रच आहे.

बावखळ म्हणजे आमच्या वसईच्या वाड्यांतलं जुनं तळं. ना दगडाचा बांध, ना पायऱ्या. जमिनीत उतरता खड्डा, काठाला उंबर नि बांबू, आणि आत बारमाही गोडं पाणी. समुद्र इतका जवळ असून पाणी गोडं कसं, हे मला लग्न होऊन आले तेव्हा कळत नव्हतं. मग समजलं. ह्या पट्ट्यात जमिनीखाली खारं पाणीच आहे. त्याच्या डोक्यावर पावसाचं गोडं पाणी दुधावरच्या सायीसारखं धरून असतं. ती साय मोडायची नाही. म्हणून दर वैशाखात बावखळाचा गाळ काढायचा तो टोपल्यांनीच. आत उतरलेला माणूस मधून मधून टाच रोवून बघतो. टाचेला पांढरी वाळू लागली आणि गार पाणी वर आलं की तो "बस" म्हणतो. मग कितीही काम राहिलेलं असो, टोपली खाली जात नाही. गाळ केळीच्या बुंध्याला घालायचा आणि त्या दिवशी सगळ्यांनी त्याच पाण्याचा चहा प्यायचा.

मी खाडीकडची. माझ्या माहेरी भातशेती, आणि खाडीचं भरतीचं पाणी बांध फोडून शेतात शिरू नये म्हणून माझ्या बापाचं आयुष्य गेलं. पिण्याचं पाणी आम्ही लांबून डोक्यावरून आणायचो. माझं लग्न ठरलं तेव्हा बाप आईला म्हणाला, "पोरगी गोड्या पान्यात पडली." इथे आल्यावर माझ्या "पानी"ला सासरची माणसं हसायची. मी हसू द्यायचे. उशाशी भरलेला तांब्या आणि दाराशी तळं असताना कोणी काही बोलेना का.

तर ह्यांना शेततळ्याची योजना सापडली. शेतात तळं खणा, सरकार अनुदान देतं. मी म्हटलं, "आपल्याकडे बावखळ आहे ना?" हे म्हणाले, "तेच तर. खड्डा आयता आहे, थोडा रुंद-खोल करायचा. नवीन खणणाऱ्याला मरणाचा खर्च, आपल्याला निम्मा." हिशेब ऐकायला बरोबर वाटत होता. बाईच्या नावानं अर्ज केला तर आधी नंबर लागतो, हेही त्यांनी शोधून काढलं. बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढवायचीसुद्धा एक योजना असते! ती त्यांनी आधीच केली होती. कागदपत्रं सगळी त्यांनीच फिरवली. मला फक्त ओटीपी विचारायचे, आणि एक दिवस सांगितलं की मंजूर झालं, लाभार्थी तू.

मला आनंद झाला होता. माझ्या नावावर आजवर काय होतं? रेशनकार्डात एक ओळ. आता वाडीच्या तोंडाशी पिवळ्या रंगाचा फलक लागणार आणि त्यावर माझं पूर्ण नाव येणार. मी त्या दिवशी नवी साडी नेसून काठावर फोटोला उभी राहिले. कृषी सहायक तरुण होता, सभ्य होता. "काकी, थोडं डावीकडे, लोकेशन पकडत नाहीये," म्हणाला.

खणायचं मशीन आलं तेव्हा उंबराची एक मोठी फांदी तोडावी लागली. बाकी पहिल्या दिवशी सगळं ठीक झालं. मशीनवाल्याला ह्यांनी काठावर उभं राहून थांबवलं. पांढरी वाळू दिसली होती. हे स्वतः खाली उतरले, टाच रोवली, वर बघून "बस" म्हणाले. मला त्या क्षणी ह्यांचा अभिमान वाटला.

दोन दिवसांनी सहायक टेप घेऊन आला. लांबी बरोबर, रुंदी बरोबर, खोली कमी. तो म्हणाला, "काका, मंजुरी ह्या मापाला आहे. एवढ्यावर पैसे पडणारच नाहीत, सिस्टीम घेणारच नाही."

"खाली वाळू लागली," हे म्हणाले.

"मग वाळू काढा ना."

"आमच्याकडे वाळूखाली जात नाहीत."

"काका, मला कळतंय. पण ॲपमध्ये तसा रकानाच नाही."

त्याचं काही चुकलं, असं मी म्हणणार नाही. त्यानं खरंच फोन करून वर विचारलं. वरून उत्तर आलं की माप म्हणजे माप. मशीनचे पैसे आम्ही पदरचे भरले होते. अनुदान काम झाल्यावर खात्यात येतं, आधी नाही. आता थांबलो तर भरलेलं पाण्यात. हे रात्रभर कूस बदलत राहिले. मी म्हटलं, "बुडाले तर बुडाले पैसे. सोडा." हे म्हणाले, "तुझ्या नावावर अर्धवट काम म्हणून शेरा बसेल. पुढे काहीच मिळणार नाही." पुढे काय मिळवायचं होतं देव जाणे. सकाळी मशीन परत आलं. त्या दिवशी मी बाहेर गेले नाही, पण आवाज घरात येतच होता.

अनुदान जमा झालं. मेसेज ह्यांनी वाचून दाखवला नाही.

पहिला पाऊसकाळ काही वाटलं नाही. तळं काठोकाठ भरलं, बघायला लोक आले. दिवाळी गेली, थंडी गेली आणि एका दुपारी माझी डाळ शिजेना. तुरीची डाळ, घरची, दर वेळची. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी दाणा वेगळा. मी हंड्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि जिभेला लावलं. माहेरची चव होती. बांध फुटल्यावर शेतातल्या पाण्याला यायची तीच.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुला भास होतो. खाडीकडची ना तू." मी तांब्या त्यांच्यासमोर आपटला. ते प्यायले.

मग त्यांनी डोकं लढवलं. खारं पाणी उपसून टाकलं की गोडं झिरपेल म्हणून मोटर लावली, आणि ती दिवसरात्र चालू ठेवली. जितकं उपसलं तितकं खालून खारं वर आलं. मी सांगून थकले. केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, मग मधला कोवळा पोगा पिवळा पडू लागला. अळू आधीच गेलं होतं. नारळ तेवढे मजेत उभे होते, त्यांना काय, ते समुद्राचेच. मी ह्यांना म्हटलं, "बुजवा ते तळं. माती आणा, वाळूपर्यंत भरा. साय परत धरायची तर धरेल." हे म्हणाले, "बुजवता येत नाही." अट होती. अनुदान घेतलं की ठरलेली वर्षं तळं तसंच ठेवायचं. बुजवलं तर वसुली, आणि ती तुझ्यावर, कारण लाभार्थी तू. वसुली भरायची तर आणायचं कुठून? पैसे मशीनवाल्याकडे कधीच गेले होते. मराठीत म्हण आहेच, इकडे आड तिकडे विहीर. आमच्याकडे दोन्ही खारट.

मी एकदा त्यांना न सांगता त्या सहायकाला फोन केला. तो म्हणाला, "काकी, बुजवण्यासाठी अर्ज करता येतो का बघतो." पुढे त्याची बदली झाली. नवीन आलेल्या मुलीनं तळ्याचा फोटो काढला, तळं आहे अशी नोंद केली आणि चांगलं ठेवलंय म्हणून माझं कौतुकही केलं. मी तिला चहा दिला. पाणी जारचं होतं.

पण ह्या सगळ्यात मला खाणारी गोष्ट दुसरीच होती. वहिनीची विहीर. जमिनीच्या वर आमचं कुंपण आहे. खाली कसलं कुंपण? फाल्गुनात तिच्या मोगऱ्याच्या कळ्या बारीक निघायला लागल्या. मग पानवेलीची पानं चिवट झाली, डागाळली. ती वेलीच्या काठ्यांना टेकून उभी राहायची, एखादं पान उलटून बघायची आणि खाली टाकायची. एके दिवशी फुलवाल्याचं माणूस तिच्या दारावरून न थांबता पुढे गेलं.

तिला सांगायचं म्हणून मी कितीदा कुंपणाशी गेले. हे म्हणायचे, "तिला सांगून काय तिची विहीर गोडी होणार आहे? दोन घरं तुटतील तेवढी." हेही खरंच होतं. आणि तीही अशी की रोज कुंपणाशी यायची, सगळ्या गावाच्या गोष्टी करायची, शेजारच्या भुईगावला कोणाच्या मुलीचं ठरलं, कोणाचं ऑपरेशन झालं, पण पाण्याचा शब्द काढायची नाही. तिनं एकदा शिव्या दिल्या असत्या तर मी तिच्या पाया पडले असते. ती विचारत नव्हती आणि मला सांगता येत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. घरात ह्यांच्यावर चिडावं तर ते आधीच अर्धे झाले होते. योजनांचं नाव काढत नव्हते. माणिकपूरला जायचं सोडलं होतं. दिवसातून चारदा तळ्याच्या काठावर जाऊन यायचे आणि येऊन मला सांगायचे, "आज जरा कमी वाटतं." कमी नसायचं. मी "हो" म्हणायचे आणि मग स्वतःचाच राग यायचा.

दुसरा पाऊसकाळही आला नि गेला. गेल्या वैशाखात वहिनी घरी आली. कुंपणाशी नाही, पुढच्या दारानं, केस विंचरून, हातात प्लास्टिकची पिशवी. हे बाहेर गेले होते. मी तिला पाट दिला, ती खुर्चीवर बसली. म्हणाली, "गुडघे गेले गं." मग पिशवीतून कागद काढला.

"तुझी सही पायजे, बाय. सातबारा एकत्र हाय ना. सामाईकातल्या दुसऱ्यानं संमती दिल्याशिवाय माझा अर्ज पुढं जात नाय."

"कसला अर्ज?"

"तळ्याचा. तुमच्यासारखाच."

मला आधी वाटलं थट्टा करते आहे. मग तिचं तोंड बघितलं. तिला शेततळं मंजूर होणार होतं, तिच्या वाटणीत, विहिरीच्या बाजूला, त्याच मापाचं. आणि मग मी जी सुटले ती सुटले. वर्षभर गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? आमचं तळं बघताय ना? तुमची विहीर कशानं गेली, पानवेल कशानं गेली, माहीत नाही तुम्हाला? आमच्या ह्यांनी वाळू फोडली म्हणून! मी सांगत होते, कोणी ऐकलं नाही. आता तुम्ही पण फोडा. म्हणजे आख्ख्या गल्लीचं वाटोळं होऊ दे, शेंड्यापासून बुडापर्यंत सगळे मीठ खाऊ दे. मी सही करणार नाही. मेले तरी करणार नाही."

तिनं मला पूर्ण बोलू दिलं. मग पदरानं तोंड पुसलं.

"झालं तुझं? आता सांग, खाली राखायला गोडं राहिलंय कुठं? माझ्या वेली गेल्या. मोगरा उपटून टाकला मी परवा, तू बघितलंस. पोराकडं हात पसरू? तळ्याचे पैसे येतील, त्यातून मशीनवाल्याचं भागंल, वर थोडं उरंल. आणि पाणी खारं तर खारं, त्यात जिताड्याचे मासे सोडीन. तुमच्या खाडीकडं करतात ना? तू शिकव मला."

"सगळ्यांनी असंच म्हटलं तर?"

"म्हणतीलच. खालच्या गल्लीत दोघांनी अर्ज टाकलेत."

मी म्हटलं, "मी नाही करणार सही."

तिनं कागद खुर्चीच्या हातावर ठेवला. मग शांतपणे म्हणाली, "तुझ्या वेळेला मी केली व्हती."

मला समजलं नाही. मग समजलं. सातबारा तेव्हाही एकत्रच होता. ह्यांनी कागद फिरवले होते म्हणजे तिच्याकडेही नेले असणार.

"तेव्हा तुम्हाला काय माहीत," मी म्हटलं. "एवढं खोल जाणार ते."

"कागदावर खोली लिवलेली व्हती. मी वाचली. सातवी शिकलेय मी. ह्या घरात तुझ्या आधी आले, गाळाच्या टोपल्या तुझ्या आधी उचलल्या. एवढं खोल गेल्यावर काय वर येतं, ते मला कळत नाय व्हय?"

"मग केलीत कशाला?"

"तो एकदा आला व्हता माझ्याकडं," ती म्हणाली. "कंपनी सुटल्यावर. तू बाजारात गेलेली. मागल्या दारी बसला आणि लहान पोरासारखा रडला. म्हणाला, वहिनी, मी आता कुणाच्या कामाचा नाय. तुला बोलला कधी? नाय ना. मला बोलला. मंग तळ्याचा कागद घेऊन आला तेव्हा किती बोलत व्हता, किती हातवारे! आता मी पाण्याकडं बघू का त्याच्याकडं? त्याला मी ह्या कडेवर घेतलाय, बाय. लग्न होऊन आले तेव्हा एवढासा व्हता."

रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं. ह्यांचा, तिचा, त्या टेपचा. वर्षभर मी कुंपणाशी उभी राहून तिच्या तोंडाकडे बघत होते, तिला कळलं तर काय होईल ह्या भीतीनं. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिनं आपली विहीर जाणूनबुजून देऊन टाकली होती आणि वर माझ्याशी भुईगावच्या लग्नाच्या गप्पा मारत होती. ही जर येऊन भांडली असती तर मी आज नाही म्हणू शकले असते.

खुर्चीच्या हातावर कागद तसाच होता. तिनं खोली जिथे लिहिलीय ती ओळ मला बोटानं दाखवली. "वाचून घे," म्हणाली, "नंतर म्हणशील सांगितलं नाय." मी वाचली. तेच माप होतं.

"पेन आणलंय मी," ती म्हणाली.

मी सही केली. पूर्ण नाव लिहिलं. तिनं कागद डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि परत माझ्यापुढे धरला.

"खाली तारीख पण टाक," ती म्हणाली. "नायतर घेत नाय ते."

मी तारीख टाकली.